मालिकेचा कर्ता कोण? : ‘स्वराज्यरक्षक संभाजी’, बारा मावळातील प्रेक्षक आणि मराठी समीक्षेचे मौन

१

मराठी साहित्यसमीक्षेने दूरचित्रवाणी मालिकेसंबंधी काही निश्चित भूमिका घेतली आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मालिका हा विषय समाजशास्त्राकडे आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांकडे सोपवून समीक्षा मोकळी झाली आहे. या मोकळीकीमागे एक गृहीतक आहे आणि ते क्वचितच उघडपणे मांडले जाते. ते असे की, मालिका हे वाहिनी, प्रायोजक आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे यांनी मिळून घडविलेले उत्पादन होय. तिच्यामागे लिखित संहिता असली तरी ती साहित्यसंहिता नव्हे. आणि म्हणून साहित्यविचाराला अभिप्रेत असलेल्या अर्थाने तिला लेखकही नसतो.

नेमक्या दुसऱ्या टोकाला मालिकेचा चाहता उभा असतो. ऐतिहासिक मालिका पाहून झाल्यावर, खरा इतिहास आता कळला, अशी त्याची भावना होते. त्याच्या लेखी मालिका ही भूतकाळाकडे उघडणारी खिडकी असते. खिडकीला कर्ता नसतो. फार तर सुतार असतो. कृतज्ञता व्यक्त करायचीच झाली तर ती नायकाची भूमिका करणाऱ्या नटाकडे जाते, कारण पडद्यावर दिसतो तो तोच.

विद्यापीठीय समीक्षक आणि मालिकेचा चाहता हे परस्परांना कितीही कमी लेखत असले, तरी मालिकेला कर्ता नाही या एका मुद्द्यावर त्यांचे पूर्ण एकमत आहे. प्रस्तुत लेखात या एकमताचा प्रतिवाद करावयाचा आहे. त्यासाठी प्रताप गंगावणे यांनी लिहिलेली, झी मराठी वाहिनीवर सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात दाखविली गेलेली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका उदाहरणादाखल घेतली आहे आणि तिचा विचार पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

प्रदेशाची ही निवड यादृच्छिक नाही. तोरणा आणि राजगड वेल्ह्यात आहेत. वेल्हे तालुक्याला राजगड तालुका असे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, यावरूनही त्या गडाचे तेथील जनमानसातील स्थान लक्षात येईल. रायरेश्वर आणि रोहिडा भोरमध्ये आहेत. कान्होजी जेध्यांचे कारी, बाजीप्रभूंचे शिंद, येसाजी कंकांचे भुतोंडे, खंडोजी खोपड्याचे उत्रौली आणि संभाजीराजांची दूधआई धाराऊ गाडे यांचे कापूरहोळ ही सर्व गावे भोर तालुक्यातली. म्हणजे शिवकालावरील मालिकेत जी माणसे पात्रे म्हणून येतात, त्यांच्या आडनावाची माणसे येथे प्रेक्षक म्हणून बसलेली असतात. भोरचा राजवाडा गेली कित्येक वर्षे चित्रपट आणि मालिकांच्या चित्रीकरणासाठी वापरला जातो. या मुलखाच्या भिंती आणि इतिहास पडद्याने घेतले. येथील प्रेक्षकाची जाणीव मात्र मोजायला कोणी आले नाही. प्रेक्षकप्रतिसाद नावाची वस्तू नेमकी काय असते, हे पाहण्यासाठी याहून योग्य भूमी सापडणे कठीण.

२

पहिल्या पक्षाचा आक्षेप तीन अंगांनी मांडला जातो. मालिका तुकड्यातुकड्यांनी लिहिली जाते. ती अनेकांच्या हातून तयार होते. आणि ती मागणीनुसार बदलते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रश्न असा की त्यांच्यामुळे कर्तृत्व नष्ट होते काय?

तुकड्यांनी लिहिणे हा जर दोष असेल तर मराठी कादंबरीच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागेल. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला अंक भरून काढण्याची निकड आणि वाचकाला पुढच्या अंकापर्यंत धरून ठेवण्याची गरज हरिभाऊंनाही होतीच. त्यांच्या रचनेतील पाल्हाळाची कारणे समीक्षकांनी या प्रकाशनपद्धतीत शोधली. पण त्यांचे कर्तृत्व कोणी नाकारले नाही. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी येणाऱ्या ‘हुक’कडे तुच्छतेने पाहणाऱ्या समीक्षकाने क्रमशः कादंबरीच्या प्रकरणान्ताकडे एकदा पुन्हा पाहावे.

अनेकांच्या हातून घडणे हा दोष मानला तर नाटक साहित्यातून वगळावे लागेल. आणि मागणीनुसार बदलणे हा दोष मानला तर कीर्तन आणि पोवाडा यांचा विचारच संपतो. समोरचा श्रोता कोण आहे हे पाहून कीर्तनकार उत्तररंगातील आख्यान लांबवतो, आटोपते घेतो, दृष्टान्त बदलतो. अफजलखानवधाचा पोवाडा अज्ञानदासाने जिजाबाईंच्या आज्ञेवरून रचला अशी परंपरा आहे. कोणाच्या तरी सांगण्यावरून रचला म्हणून तो कर्त्याविना ठरला नाही. मराठीतील आख्यानपरंपरेत कर्ता हा नेहमीच श्रोत्यांच्या गराड्यात उभा असतो. एकान्तात बसून स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक राहणारा लेखक हे लेखकाचे एकमेव रूप नव्हे. ते नवसाहित्याच्या काळात रूढ झालेले एक रूप आहे. त्या रूपाला प्रमाण मानून मालिका-लेखकाला बाहेर काढणे म्हणजे आपल्याच परंपरेच्या मोठ्या भागाला बाहेर काढणे होय.

येथे कोणी रोलां बार्थ यांचा हवाला देईल. लेखकाच्या मृत्यूची घोषणा १९६७ सालीच झाली असता पुन्हा कर्त्याचा शोध कशासाठी, असे विचारील. परंतु बार्थ यांनी लेखकाला दूर केले ते वाचकाला अर्थनिर्णयनाचे स्वातंत्र्य मिळावे म्हणून. मालिकेच्या बाबतीत लेखक दूर झाला तेव्हा त्या जागी वाचक आला नाही. वाहिनीचा आकडा आला. ज्या लेखकाला समीक्षेने कधी जन्मच दिला नाही त्याच्या मृत्यूचा सिद्धान्त सांगणे ही बौद्धिक सोय आहे.

कर्तृत्वाची खूण दृष्टीत असते आणि दृष्टी निवडीतून दिसते. संभाजीराजांच्या बाबतीत ही निवड विशेष ठळकपणे पारखता येते, कारण या व्यक्तिरेखेला मराठीत एक दीर्घ आणि परस्परविरोधी परंपरा आहे. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर, राजांच्या मृत्यूनंतर सुमारे १२० वर्षांनी लिहिली गेलेली, व्यसनी आणि अविचारी युवराजाची प्रतिमा रूढ करते. १९१९ मध्ये दिवंगत झालेल्या राम गणेश गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ त्या प्रतिमेला पश्चात्तापाची जोड देते. वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे चरित्र कागदपत्रांच्या बळावर ती प्रतिमा मोडते. १९६२ मध्ये वसंत कानेटकर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात प्रश्न पितापुत्रांच्या नात्यात आणून ठेवतात. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये येते. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ मध्ये. २०१७ ची मालिका या वादातील आणखी एक उत्तरपक्ष आहे. तिचे शीर्षकच एक प्रमेय मांडते. चंचल युवराज, पश्चात्तापदग्ध राजा किंवा बापाला न समजलेला मुलगा या तीनही रूपांना बाजूस सारून ती ‘रक्षक’ हे विशेषण निवडते. ही निवड वाहिनीच्या आकड्याने केलेली नाही. ती एका लेखकदृष्टीने केलेली आहे. आणि म्हणूनच तिचे मूल्यमापन करता येते, तिच्याशी भांडता येते.

३

आता दुसऱ्या पक्षाकडे वळावयाचे. मालिका म्हणजे इतिहासच, हे विधान भोर तालुक्यातील एकाच उदाहरणाने तपासता येईल. कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळ शंभूराजांना दूध पाजले, एवढे सर्वमान्य आहे. १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या या मुलाची आई सईबाई १६५९ मध्ये राजगडावर वारली. धाराऊंविषयी कागदपत्रे फार थोडे बोलतात. त्या कशा बोलत, मुलाला कशा रागावत, दरबारातील कारस्थानांकडे कशा पाहत, हे कोणत्याही कागदात नाही. मालिकेत मात्र धाराऊ हे एक भरीव, प्रेक्षकांच्या मनात घर करणारे पात्र आहे. हे पात्र आले कोठून? ते इतिहासातून आले असे म्हणता येत नाही, कारण इतिहास येथे जवळजवळ मूक आहे. ते लेखकाने निर्माण केले.

हे सांगणे म्हणजे मालिकेवर खोटेपणाचा आरोप करणे नव्हे. उलट लेखकाची दृष्टी पाहायची तर ती अशाच जागी पाहावी लागते. जेथे कागद बोलतो तेथे लेखक बांधलेला असतो; कागद थांबतो तेथे तो स्वतंत्र होतो आणि आपण कोण आहोत हे सांगतो. धाराऊंना मध्यवर्ती स्थान देताना या मालिकेच्या लेखकाने एक महत्त्वाची गोष्ट केली. राजपुत्राच्या मनाची घडण त्याने राजवाड्याबरोबरच मावळातील एका शेतकरी घरातील बाईच्या मांडीवर नेऊन ठेवली. पितापुत्रसंघर्षाच्या कानेटकरी रचनेत या बाईला जागा नव्हती. संभाजीविषयक मराठी साहित्यात केंद्र असे सरकणे ही लहान घटना नाही, आणि एखाद्या कादंबरीने ती घडविली असती तर तिच्यावर एव्हाना दोन-चार प्रबंध झाले असते.

मात्र कर्तृत्व मान्य केले की दोषही कर्त्याच्या नावावर मांडावे लागतात. या मालिकेचा मोठा दोष असा की, नायकावरील प्रत्येक बालंट दूर करण्याच्या ओघात ती अपराधाचे ओझे त्याच्या भोवतालच्या माणसांवर टाकीत जाते. अण्णाजी दत्तो आणि सोयराबाई यांच्याकडे कारस्थानाचे जे सातत्य सोपविले आहे, ते इतिहासातील विरोधापेक्षा दैनंदिन मालिकेच्या रचनेच्या गरजेतून अधिक आले आहे. अण्णाजींचा विरोध आणि १६८१ मधील त्यांचा देहान्तशासनाने झालेला शेवट या ऐतिहासिक घटना आहेत. परंतु आठवड्यातून अनेक भाग चालणाऱ्या कथेला रोज एक कुजबूज लागते, आणि ती कुजबूज कोणाच्या तरी तोंडी घालावी लागते.

याचा परिणाम नायकावरही होतो. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले. संभाजीवर लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाची कसोटी या एका वर्षात लागते. त्याला केवळ इतरांच्या कपटाचा परिणाम ठरविले तर नायक निर्दोष होतो, पण कर्ता उरत नाही. त्याला राजकारणी डाव ठरविले तर भूपाळगडावरील माणसांचे काय, हा प्रश्न उरतो. ज्याच्या हातून चूक होऊ शकत नाही अशा नायकाच्या वाट्याला शोकात्मता येऊ शकत नाही. संभाजीराजांचा १६८९ मधील अंत मराठी मनाला शोकात्म वाटतो तो केवळ यातनांमुळे नव्हे. स्वतःच्या एका वर्षाचे ओझे वाहून ज्या माणसाने शेवटी शरण जाणे नाकारले त्याचा तो अंत आहे म्हणून. नायकाला निष्कलंक करण्याच्या उत्साहात मालिकेने त्याच्या अंताची उंची काहीशी कमी केली, असे म्हणणे भाग आहे. हा आक्षेप घेण्यासाठी आधी मालिकेला लेखक आहे हे मान्य करावे लागते. समीक्षेने ते केले नाही, म्हणून हा आक्षेप मालिका चालू असताना, म्हणजे त्याचा काही उपयोग होऊ शकला असता तेव्हा, गांभीर्याने मांडला गेला नाही.

४

प्रेक्षकप्रतिसाद मोजण्याची आज दोन मापे प्रचलित आहेत. पहिले टीआरपी. २०१५ पासून बार्क ही संस्था निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून कोणती वाहिनी, कोणत्या मिनिटाला, किती जण पाहत होते याचा अंदाज काढते. जाहिरातीचा दर ठरविण्यासाठी हे माप उपयुक्त असेल. अर्थाविषयी ते काहीही सांगत नाही. संच चालू होता एवढे त्यावरून कळते. पाहणारा भारावला होता, भांडत होता की भाकरी थापता थापता अधूनमधून मान वर करीत होता, हे कळत नाही.

दुसरे माप म्हणजे दुखावलेली भावना. मालिकेचा शेवट जवळ आला तेव्हा, २०२० च्या आरंभी, राजांचा छळ पडद्यावर कसा आणि कितपत दाखवावा यावरून जाहीर वाद झाला. यापूर्वी, जानेवारी २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा काढून मुठेच्या पात्रात टाकण्यात आला होता. कारण म्हणून ‘राजसंन्यास’मधील चित्रणाकडे बोट दाखविण्यात आले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. प्रदर्शनापूर्वीच आक्षेपांमुळे त्यातील लेझीमचे दृश्य गळले. नंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी मार्चमध्ये नागपुरात हिंसाचार झाल्यावर, या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आल्याचे विधान मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत केले. कलाकृती म्हणजे ठिणगी आणि प्रेक्षक म्हणजे दारू, असे प्रतिसादाचे हे प्रारूप आहे. टीआरपी प्रेक्षकाला संख्या मानते. हे प्रारूप त्याला ज्वालाग्राही पदार्थ मानते. दोहोंत तो विचार करणारा माणूस नाही.

भोर-वेल्ह्यातील प्रेक्षकाला या दोहोंपैकी कोणत्याही मापाने मोजता येत नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले ते येथे इतर मालिका पाहून तयार झालेले नाही. ते घराण्यांच्या हकिकती, गडांच्या वाटा, जत्रा, गावकीचे मानपान आणि जुने कागद यांतून पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहे. या क्षितिजाची गुंतागुंत किती आहे हे पाहण्यासाठी कारी आणि उत्रौली या दोन गावांची गोष्ट पुरेशी आहे. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजीराजांकडे राहिले. खंडोजी खोपडे खानाला मिळाला. विजयानंतर खंडोजीच्या जिवासाठी कान्होजींनीच रदबदली केली. राजांनी जीव घेतला नाही. एक हात आणि एक पाय तोडला. जेधे घराण्याच्या करीन्यातून ही हकिकत आपल्यापर्यंत आली आहे.

या हकिकतीत निष्ठावंत माणूस फितुरासाठी शब्द टाकतो. राजा आपल्या सर्वांत विश्वासू माणसाला दिलेला शब्द पाळतो आणि तरीही शिक्षा करतो. शब्द पाळला की मोडला, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात रेंगाळत राहतो. नाते, वतन, सोयरीक आणि स्वराज्य यांचा हा पेच आहे आणि तो कोणा आधुनिक कादंबरीकाराने रचलेला नाही. एका देशमुख घराण्याने आपल्या हक्काच्या कागदात तो नोंदवून ठेवला. ज्या मुलखाच्या कागदांत असा पेच सामावतो, त्या मुलखातील प्रेक्षकाला फक्त शूर आणि फितूर एवढेच कळते, असे वाहिन्यांनी मानावे यात आश्चर्य नाही. त्यांचा तो व्यवसाय आहे. समीक्षकानेही तेच मानावे, ही मात्र शरमेची बाब आहे. ‘लोकांना असेच लागते’ हे वाक्य लोकांविषयी काहीच सांगत नाही. बोलणाऱ्याने लोकांना विचारले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये प्रेक्षकाच्या तीन भूमिका कल्पिल्या : संदेश जसाच्या तसा स्वीकारणारी, वाटाघाट करणारी आणि विरोधी. बारा मावळात चौथी भूमिका दिसते. तिला वंशाधारित प्रतिसाद म्हणता येईल. पडद्यावर जेधे, कंक, गाडे, शिळीमकर ही आडनावे येतात तेव्हा त्या आडनावाचा प्रेक्षक कथेच्या बाहेर राहू शकत नाही. या प्रतिसादात मोठे बळ आहे. तो भूतकाळाला दूरचा देखावा होऊ देत नाही. तपशील चुकला तर तो सर्वांत आधी येथेच ध्यानात येतो. परंतु या बळातच धोकाही दडलेला आहे. वंशज म्हणून जे कळते त्यावरून, वंशज म्हणून काय लिहू द्यावे हे ठरविण्याचा अधिकार आपोआप मिळतो, असे मानले जाऊ लागते.

येथे एक ऐतिहासिक विसंगती नजरेस आणणे आवश्यक आहे. संभाजीराजांची जी मलिन प्रतिमा पुसण्यासाठी आज इतका आटापिटा चालतो, ती रूढ करणारे मल्हार रामराव चिटणीस कोण होते? १६८१ मध्ये ज्यांना संभाजीराजांनी देहान्तशासन दिले त्या बाळाजी आवजी चिटणीसांचे ते वंशज होते. म्हणजे ही प्रतिमा मुळात एका वंशाधारित लेखनातूनच आली. बखरीचा हा कल बेंद्रे यांच्यापासूनच्या इतिहाससंशोधकांनी दाखवून दिला आहे. तेव्हा घराण्याशी असलेले नाते हेच जर सत्याचे अंतिम प्रमाण मानायचे असेल तर चिटणिसांची बखर नाकारण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. आणि ती बखर नाकारायची असेल, तर वंश हे प्रमाण नसून पुरावा हे प्रमाण होय, असे मान्य करावे लागते. गडकऱ्यांचा पुतळा नदीत टाकणाऱ्यांनी बखरीच्या प्रतिमेला नकार दिला, पण ज्या तत्त्वावर ती प्रतिमा उभी होती ते तत्त्व आपल्या हाती कायम ठेवले. बेंद्र्यांनी आणि गोखल्यांनी जे ग्रंथ लिहून केले, ते पुतळा हलवून होत नाही.

यावर असे विचारले जाईल की, वंशजांना काहीच अधिकार नाही काय? घराण्याच्या नावावर पडद्यावरून फितुरीचा शिक्का मारला जात असताना त्यांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. त्यांना आक्षेप घेण्याचा, कागद पुढे आणण्याचा, उत्तर लिहिण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि लेखकावर त्या उत्तराला सामोरे जाण्याची जबाबदारी आहे. शिर्के प्रकरणात पुराव्याचा प्रश्न खराच आहे. १६८८ मध्ये शिर्के आणि कवी कलश यांच्यात संघर्ष झाल्याची नोंद जेधे शकावलीत आहे. परंतु राजांना पकडून देण्यात शिर्क्यांचा हात होता हा आरोप त्या नोंदीतून निघत नाही. तो वेगळा आरोप आहे आणि त्याचा पुरावा वेगळा मागितला पाहिजे. पण हा प्रश्न दिलगिरीने मिटविला गेला तेव्हा दोन्ही पक्षांचे नुकसान झाले. लेखनपक्षाला आपला आधार सांगावा लागला नाही आणि वंशजांना आपले कागद मांडावे लागले नाहीत. वाद मिटला, ज्ञान जागच्या जागी राहिले.

५

या सर्व विवेचनावरून मराठी विभागांपुढे काही कामे उभी राहतात. पहिले काम संहितेचे. दैनंदिन मालिकांच्या संहिता ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्याची प्रथा मराठीत नाही. त्या निर्मितिसंस्थांच्या कपाटांत आणि संगणकांत राहतात आणि यथावकाश नाहीशा होतात. शेकडो भागांची, कोट्यवधी शब्दांची नसली तरी लाखो शब्दांची संहिता लाखो लोकांपर्यंत पोचते आणि पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला तिचे एक पानही मिळत नाही, ही स्थिती बखरींची हस्तलिखिते शोधत गावोगाव फिरलेल्या इतिहाससंशोधकांच्या महाराष्ट्राला शोभणारी नाही. विद्यापीठांनी लेखकांकडून आणि निर्मात्यांकडून या संहिता मागून घेऊन जतन केल्या पाहिजेत. पटकथा आणि संवाद यांच्या निरनिराळ्या खर्ड्यांत कोणता बदल कधी झाला हे दिसले, तरच वाहिनीची मागणी कोठे संपते आणि लेखकाची दृष्टी कोठे सुरू होते हे साधार सांगता येईल.

दुसरे काम प्रेक्षकाचे. प्रतिसादाचा अभ्यास याचा अर्थ प्रश्नावल्या वाटून टक्केवारी काढणे नव्हे. कापूरहोळमध्ये धाराऊंच्या पात्राविषयी काय बोलले जाते, वेल्ह्याच्या आठवडे बाजारात सोयराबाईंविषयी बायका काय म्हणतात, कारीत आणि उत्रौलीत एकच मालिका एकाच रीतीने पाहिली जाते काय, हे तेथे जाऊन, बसून, ऐकून नोंदवावे लागेल. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ओव्या अशाच गोळा केल्या. ओवीच्या कर्तीचा सन्मान करणाऱ्या विद्याशाखेने तीच बाई मालिकेविषयी बोलू लागली की वही मिटावी, याला काही तात्त्विक कारण नाही.

तिसरे काम निकषांचे. मालिकेला साहित्य म्हणून सवलत देण्याची गरज नाही. तिला क्रमशः आख्यानाचे, पात्ररचनेचे, भाषेचे आणि इतिहासाशी असलेल्या प्रामाणिकपणाचे तेच निकष लावावेत जे हरिभाऊंना, नाथमाधवांना आणि सावंतांना लावले. मालिकेतील सतराव्या शतकाची म्हणून जी मराठी बोलली जाते तिचा बाज कोणत्या बखरीचा, कोणत्या नाटकाचा आणि कोणत्या सभाभाषणाचा आहे, एवढाच प्रश्न घेतला तरी एक गंभीर शैलीवैज्ञानिक अभ्यास उभा राहील.

ही कामे न करण्याची किंमत केवळ विद्याशाखेला मोजावी लागत नाही. मालिकेची चिकित्सा जेथे होत नाही तेथे ती मोर्चा करतो, निवेदन करते, माफीनामा करतो. नायकाची भूमिका करणारे आणि मालिकेच्या निर्मितीतही सहभागी असलेले अमोल कोल्हे २०१९ मध्ये, मालिका चालू असतानाच, शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पडद्यावरील प्रतिमा आणि सार्वजनिक जीवन यांच्यातील अंतर किती कमी झाले आहे हे यावरून दिसते. अशा वेळी, ही प्रतिमा कोणी, कशातून, काय गाळून आणि काय भर घालून रचली, असे विचारणारा कोणी नसणे हे लोकशाही व्यवहाराच्या दृष्टीनेही हितावह नाही. आणि लेखकाच्या दृष्टीने तर ते अन्यायाचे आहे. त्याला एकतर टाळ्या नटाच्या नावे मिळतात, नाहीतर शिव्या स्वतःच्या नावे. त्याच्या कामाचे वाचन मात्र कोणाकडूनच मिळत नाही.

वंशजांच्या भूमिकेविषयीही भोर तालुक्यानेच एक पायंडा घालून दिला आहे. कारीच्या जेधे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवजन्माची तोवर रूढ असलेली तिथी त्या शकावलीतील एका नोंदीने वादात आणली. अनेक दशकांच्या खंडनमंडनानंतर शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. त्या घराण्याने कोणाची लेखणी अडविली नाही की कोणाकडून दिलगिरी मागितली नाही. आपल्याजवळचा कागद त्याने अभ्यासकांपुढे ठेवला आणि त्याच्यावर वाद होऊ दिला. मालिका-लेखकाने आपली संहिता, वंशजाने आपला कागद आणि समीक्षकाने आपले वाचन असेच चव्हाट्यावर मांडावे, एवढीच अपेक्षा आहे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वस्वी समीक्षेच्या हातात आहे, आणि तिला कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.